बारक्याची ओळ

स्क्रीनवर आई आली तेव्हा माझ्या तोंडात बिस्किट होतं, आणि ते तसंच राहिलं. चावायचं सुचेना. काळंपांढरं, दाणेदार चित्र. मोठं लोखंडी फाटक, त्याच्यासमोर जमिनीवर बसलेल्या बायका, सगळ्यांच्या डोक्याला कारखान्याचे रुमाल, आणि पुढच्या रांगेत अगदी कडेला, रुमाल मागे सरकलेली, मान जराशी तिरकी करून गाणारी माझी आई. माझ्याहून कितीतरी लहान. तिचा एक हात पोटावर होता आणि पोट चांगलंच वर आलेलं होतं, म्हणजे हिशेबानं त्या चित्रात मीही होते. पण मला धक्का बसला तो गाण्याचा. आमच्या घरात आई बोलते, भांडते, शेजारणींच्या नकला करते, टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालते. गात नाही. मला थोपटायची तीसुद्धा मुकाट्यानं. लहानपणी मी समजायचे, हिला देवानं गळाच दिलेला नाही. आणि इथं ही बाई अख्खा घोळका ओढून नेत होती. ती ओळ टाकायची, बाकीच्या उचलायच्या.

"कात्री, शॉट बघ! सोनं आहे सोनं," निर्माता माझ्या खुर्चीच्या पाठीवर कोपरं टेकून म्हणाला. कात्री म्हणजे मी. या स्टुडिओत लोकगीतांचे व्हिडिओ होतात आणि ते मी कापते. दयामाया न दाखवता कापते म्हणून कुणीतरी हे नाव पाडलं, आणि आता पगाराच्या पाकिटावरही तेच असतं. "काडेपेटीच्या कारखान्याचा संप. साहेबांची पहिली लढाई. कुणा हौशी माणसानं चित्रण करून ठेवलं होतं, डबा अडगळीत पडला होता. मी उचलला." संध्याकाळी साहेबांची सभा होती. मैदानावर चार मोठे पडदे लागले होते, आणि साहेब व्यासपीठावर यायच्या आधी हे गाणं त्यांच्यावर चालायचं होतं. जुन्या बायका, जुनं फाटक, वर आजच्या गाजलेल्या गायिकेचा आवाज आणि ढोल. मी हो म्हटलं, नाही म्हटलं, मला आठवत नाही. बिस्किटाचा लगदा झाला होता तो कसाबसा गिळला आणि आवाज मोठा केला. मूळ आवाज घासलेला होता, तरी शब्द कळत होते. आईनं मान वर केली, फाटकाकडे बघितलं आणि ओळ टाकली:

लोखंडी फाटका, तुला किती भूक लागे,
बारक्या गेला आत, दिवस गेला त्याच्या मागे.

बायकांनी ती उचलली, परत म्हटली, परत म्हटली. माझे कान तापले. खोलीतला कूलर जोरात चालू होता आणि मला मानेपासून घाम फुटला होता.

"ही ओळ बदलायची," मागच्या सोफ्यावरून गीतकार म्हणाला. हा गीतकार मला फार वर्षांपासून माहीत. तरुणपणी पेटलेली गाणी लिहायचा, त्यापायी दोन-चार वेळा आत जाऊन आलेला. आता पांढरा सदरा घालतो आणि साखर सोडलीय. त्यानं नवी ओळ वाचून दाखवली. वाचताना डोळे मिटले, ही त्याची जुनी सवय.

लोखंडी फाटका, तुला कसा धाक लागे,
साहेब चाले पुढे, सारी वस्ती चाले मागे.

"चाल तीच, शब्द चार-दोन," निर्माता म्हणाला. "गायिकेनं गाऊन ठेवलंय. तू फक्त तोंड बसव." त्यात अवघड काही नव्हतं. पूर्वी ओठ आणि शब्द जुळले नाहीत की आम्ही मध्ये झाडंपाखरं टाकायचो, नदी टाकायचो, तीही नसली तर नाचणाऱ्या पोरींच्या कमरा. लोक समजायचे, वा, काय निसर्ग आहे. आता तसलं काही लागत नाही. आता तोंडच बदलता येतं. जो शब्द हवा तो द्यायचा, मशीन ओठ नव्यानं करून देतं. 'ब' म्हणताना ओठ मिटतात, 'सा' म्हणताना उघडतात, माझ्या धंद्यात पोराटोरांनाही हे ठाऊक. आईचे ओठ जिथं मिटले होते तिथं ते उघडायचे. एवढंच काम होतं.

बारक्या माझा मामा. हे वाक्य मी आत्ता लिहितेय तितक्या सहज मी ते कधी उच्चारलेलं नाही. आईनं मला त्याच्याविषयी एकदाच सांगितलं, मी सोळाची असताना, बटाटे सोलता सोलता. काडेपेटीच्या कारखान्यात बोलायला बंदी होती. बोललं की पगार कापायचे. गाण्याला मात्र मुकादम काही म्हणायचा नाही, गाणं असलं की बायकांचे हात भराभर चालतात अशी त्याची समजूत. "मग आम्ही सगळं गाण्यातच घालायचो," आई म्हणाली. "कोण आजारी, कुणाला काढलं, कुठं जमायचं. मुकादमाच्या नाकासमोर गायचो आणि तो मेला ताल धरायचा." चाल जुनीच, आईच्या आजीची बिजीची असेल. शब्द त्या त्या दिवशीचे. बातमी कळवायची तर गाऊन, निरोप द्यायचा तर गाऊन. मग संप झाला, आणि संपाच्या कितव्यातरी दिवशी मालकानं बोलणी करायला दोघांना आत बोलावलं. एक संपाचा तरुण पुढारी, आणि दुसरा बारक्या, आईचा धाकटा भाऊ, गोदामात पेट्या उचलणारा. बायका फाटकासमोर बसून होत्या. मागच्या बायकांना कळावं म्हणून आईनं ओळ बांधली. "दोघं आत गेले," आई म्हणाली, "आणि एकच बाहेर आला." "एक म्हणजे कोण?" मी विचारलं. "आता मोठा माणूस झालाय तो," ती म्हणाली आणि सालीसकट बटाटा पातेल्यात टाकला. त्यानंतर पुन्हा विषय नाही. कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, तोंडपाठ केल्यासारखं: आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. बारक्याचा एक फोटो नाही. रोजंदारीवर होता म्हणून कारखान्याच्या हजेरीत नाव नाही. पोलिसांनी तक्रार घेतली नाही, कारण असा कुणी माणूस होता हेच त्यांना मान्य नव्हतं. आणि आता तो माझ्या स्क्रीनवर होता, आईच्या तोंडात, एका ओळीपुरता. ती ओळ मी उडवली की बारक्या उडाला. पुन्हा कुठून आणणार?

"बारक्या कोण?" मी विचारलं. आवाज साधा ठेवला. "कुठला बारक्या?" निर्माता म्हणाला. "ओळीतला." गीतकार हसला. "असेल कुणीतरी. मांजर असेल." निर्मात्यालाही हसू आलं. मी पण हसले. लाज वाटते सांगायला, पण हसले. गीतकाराला मग तत्त्वज्ञान सुचलं. "लोकगीताला बाप नसतो गं, कात्री. ज्याच्या अंगणात वाजलं त्याचं. या बायकांनी तरी चाल कुठून आणली? कुणा आजीची असेल. तिच्या गाण्यात नवरा परदेशी गेला असेल. यांनी नवरा काढला आणि हा घातला. आपण हा काढला, साहेब घातला. उद्या कुणी साहेबाला काढेल. गाणं चालू राहतं, ते महत्त्वाचं." बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. "या बायकांनी आपलाच माणूस घातला," मी म्हटलं. "मग साहेब काय परके आहेत?" निर्माता म्हणाला, आणि माझ्याकडे जरा निरखून बघितलं. तीन शब्द होते: तो माझा मामा. ते म्हणायच्या आधीच मी स्क्रीनकडे वळले. आमचं भाड्याचं घर, माझी एकटीची कमाई, आईची औषधं, हे सगळं आठवलं असं नाही, आठवायची गरज नव्हती, ते कायमच मानेवर असतं. पण खरं सांगायचं तर मला नुसती भीती वाटली. लहानपणापासून आमच्या घरात साहेबांचं नाव निघालं की आवाज उतरतो, तो माझाही उतरला. "करते," मी म्हटलं.

ते दोघं मैदानावर पडदे बघायला गेले. दार बंद झालं आणि मी एकटी आईसमोर बसून राहिले. या खोलीत मी कमी गाणी कापलेली नाहीत. आधी जुन्या कॅसेटमधल्या गाण्यांना चित्रं जोडायचं काम होतं. गाण्यात विहीर असायची, बैलगाडी असायची, छळणारी सासू असायची. मग विहीर आटली आणि नळ आला, नळावरची पोरगी आली. बैलगाडीचा ट्रॅक्टर झाला, ट्रॅक्टरची मोटारसायकल झाली, आणि मग एकाएकी दर गाण्यात काळ्या काचांची पांढरी गाडी यायला लागली. तिच्यातून कोण उतरेल याचा नेम नसायचा, कधी नवरदेव, कधी गुंड, कधी उमेदवार, आणि तिघांचे कपडे सारखेच. एका गाण्यात सून नवऱ्याला सांगायची, मी पण कामाला येते, माझं मला कमवू दे. ते तुफान चाललं. पोरी मोबाइलवर त्याच्यावर नाचल्या. मग काही दिवसांनी त्याच चालीवर, लेकींनो घरची लाज राखा, असं एक आलं. तेही तुफान चाललं, आणि त्याच पोरी नाचल्या. दोन्ही मीच कापली. रागाच्या ओळी कधी गेल्या ते मला नेमकं सांगता येणार नाही. कुणी बंदी घातली नव्हती हो. निर्माता म्हणायचा, "हे कडवं जरा लांबतंय," आणि मी कापायचे. असा सावकार कापला, मुकादम कापला, पाण्याचा टँकर कापला, एका गाण्यातून अख्खं धरण कापलं. आणि कडवं खरंच लांबत असायचं, हीच तर गंमत. मी माझं काम चोख करत होते. कापून टाकलेल्या तुकड्यांत कुणाकुणाचे मामा होते, मी कधी विचारलं नाही.

मी आईचं तोंड मोठं केलं. स्क्रीनभर केलं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांवर खुणा करायच्या असतात, मग हनुवटीवर, मग नाकाखाली. खुणा सरकत होत्या, मी त्या पुन्हा पुन्हा लावत होते. दात पांढरेशुभ्र होते, खालचा एक दुसऱ्यावर चढलेला. आता तिथं काहीच नाही, आता तिथं कवळी आहे आणि रात्री ती पेल्यात असते. खालच्या ओठाला भेग पडली होती. उन्हात बसली असणार, पाणीही मिळालं नसेल. मी त्या भेगेकडे बघत राहिले आणि माझी जीभ आपोआप माझ्याच ओठावरून फिरली. आईच्या तोंडाला मी शेवटचा हात कधी लावला होता? ती तापानं फणफणली होती तेव्हा, पाणी पाजताना. आणि आज हा असा. मी 'बारक्या' काढलं, 'साहेब' घातलं आणि बटण दाबलं. एरवी हे मशीन पन्नास नखरे करतं, ओठ वाकडे येतात, दात गायब होतात, दहादा करावं लागतं. आज पहिल्याच झटक्यात बसलं. आईनं मान वर केली, फाटकाकडे बघितलं आणि त्या गायिकेच्या कोवळ्या आवाजात साहेबाचं नाव घेतलं. कुठं सांधा दिसेना. इतकं बेमालूम काम माझ्या हातून कधी झालं नसेल.

ते मी पाठवायला केलं नव्हतं. निदान मी मनाशी तसं म्हणत होते. मला ते आईला दाखवायचं होतं. आईचा राग मला ठाऊक आहे. शाळेत बाईंनी मला विनाकारण वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा ती कामावरून तशीच आली होती, गंधकाचा वास येणाऱ्या कपड्यांत, आणि हेडमास्तरांच्या टेबलावर दोन्ही हात आपटले होते. माझ्यात ती धमक नाही. पण आईचा राग पाठीशी असला की मी कुणाच्या बापाला भीत नाही. तिनं हे बघावं, पेटून उठावं, "कोण आहे तो मेला, त्याला माझ्यासमोर आण," म्हणावं. एवढं झालं असतं की मी नोकरी निर्मात्याच्या तोंडावर फेकणार होते. मी फोन केला. "आई, जरा स्टुडिओत ये." "मी तिथं येऊन काय दिवे लावू?" "ये गं. काम आहे." "आवाज का असा येतोय तुझा?" "कूलरमुळे." घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. ती येईपर्यंत मी बोटं मोडत बसले. निर्मात्याचा एकदा फोन येऊन गेला, "कात्री, लवकर, माणसं जमायला लागली," आणि मी झालंच म्हणून ठेवला.

"अगंबाई, काय हा गारठा!" आई आत आली ती दोन्ही दंड चोळत. "मुडदे ठेवता का काय इथं?" मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. चष्मा पुसून दिला. "एक गाणं बघ," एवढंच म्हटलं आणि लावलं. बदललेलं. आधी ती चष्मा सावरत होती. मग एकदम पुढं वाकली. "ही मी! अगं, ही मी आहे!" तिनं स्क्रीनला बोट लावलं, मी तिथं कुणालाही बोट लावू देत नाही. "केस बघ किती होते मला. आणि ही शेजारची, ही नुसती हसायची बघ, हिच्यामुळे ओळ चुकायची. आणि पोट बघ माझं, तू आहेस ती. लाथा मारून जीव नको केला होतास." ती लहान मुलीसारखी खुशीत आली होती. ओळ जवळ येत होती. माझी नखं तळव्यात रुतली. मान वर झाली, फाटकाकडे नजर गेली, ओठ उघडले. साहेब चाले पुढे. आईचं बोट स्क्रीनवरच होतं. ते हळूच खाली आलं. गाणं पुढं गेलं, संपलं, मी थांबले. आता. आता फुटेल.

"आई, ती ओळ ऐकलीस?" "ऐकली की." "मग?" "मग काय?" तिनं चष्मा काढला. "गायलोच होतो की आम्ही." "असं गायला होता?" "असंच असणार. तोंड माझंच आहे ना? मी काय आंधळी आहे?" मला वाटलं ती घाबरून बोलतेय, बाहेर कुणी ऐकेल म्हणून, त्या ठरलेल्या उत्तरासारखं. पण ते उत्तर देताना तिचा चेहरा दगड होतो. आत्ता तो सैल पडला होता. ती खुर्चीत मागे रेलली आणि तिनं इतका मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "फार बरं झालं दाखवलंस ते."

"काय बरं झालं?"

"मला वाटायचं, मी वेगळंच काही म्हटलं होतं." ती स्क्रीनकडे बघतच बोलत होती. "तू नुकतीच झाली होतीस तेव्हा तो घरी आला होता, तो साहेब. स्टुलावर बसला. गोड बोलला हो. म्हणाला, बाई, तुम्हाला चुकीचं आठवतंय. बारक्या आत आलाच नव्हता. तो आदल्या दिवशीच निघून गेला, दुसऱ्या शहरात, पैसे घेऊन. मी म्हटलं, असं कसं, मी गायलेय, सगळ्यांनी ऐकलंय. तर म्हणाला, काय गायलात ते आता कोण सांगणार? मग मी एकेकीकडे गेले. ही हसरी म्हणाली, मला काही आठवत नाही. दुसरी म्हणाली, तू कुणाचं नावच घेतलं नव्हतंस. कुणी दार उघडलं नाही. मीच उरले एकटी. इतकी वर्षं एकटीनं धरून ठेवायचं म्हणजे काय असतं, पोरी, तुला नाही कळायचं. कधी कधी पहाटे उठून बसायची मी. वाटायचं, मीच खोटी. सगळे खरे आणि मीच खोटी." तिनं माझा हात धरला. तिचा हात ऊबदार होता. "आता बघितलं ना डोळ्यांनी. मी त्याचं नाव घेतलंच नव्हतं. म्हणजे तो आत गेलाच नाही. गेला असेल कुठंतरी. मेल्यानं एक कार्ड टाकलं नाही कधी, पण असेल. म्हातारा झाला असेल आता. नातवंडं असतील."

तिच्या तोंडावर असं हसू मी कधी बघितलं नव्हतं. मला गप्प बसता आलं असतं. काय बिघडलं असतं? गाणं मैदानावर चाललं असतं, साहेबांनी हात हलवला असता, माझी नोकरी राहिली असती आणि आईला म्हातारपणी भाऊ मिळाला असता, कुठल्यातरी शहरात, नातवंडांत बसलेला. सगळ्यांचं भलं झालं असतं. मला खरोखर तसंच वाटलं. पण ते हसू मी केलं होतं. तिच्या तोंडात मी माझ्या हातानं शब्द घातले होते आणि ती त्यांना पुरावा म्हणत होती. फाईल समोर होती, मूळची. मी ती लावली. का लावली ते मी आजही सांगू शकत नाही. हात गेला.

घासलेला आवाज आला. तिचा स्वतःचा. आई पहिल्या अक्षरालाच ताठ झाली. बारक्या गेला आत, दिवस गेला त्याच्या मागे. बायकांनी उचललं. परत म्हटलं. आईनं स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत स्क्रीनकडे बघितलं.

"हे कुणी केलं?" ती म्हणाली. "हे असं कुणी बदललं?"

"हे नाही बदललेलं, आई. हे खरं आहे."

"मग मघाचं?"

"ते मी केलं."

कूलर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. "का?" "त्यांनी सांगितलं म्हणून. आणि तू चिडावीस म्हणून." "मी चिडावं म्हणून," ती सावकाश म्हणाली. ती चिडली नाही. चिडली असती तर मला झेपलं असतं. "घटकाभर त्याला उठवून बसवलंस गं," ती म्हणाली, "आणि परत निजवलंस." मग तिनं रुमाल काढला आणि डोळे न पुसता नुसता मुठीत धरला. मी तिच्या पायाशी बसले. "आई, यातलं कुठलं पाठवू? तू सांगशील ते पाठवते." "मला नको विचारू," ती एकदम तडकली. "हे माझ्यावर नको टाकू. मी खूप केलं. मला विचारशील तर मला मघाचंच हवं. त्यात तो कुठंतरी आहे तरी." आणि तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

म्हणजे पाठीशी कुणी नव्हतं. मी उठले. उभ्यानंच काम केलं, कारण खुर्चीत आई होती. त्या ओळीपुरता गायिकेचा आवाज काढला, ढोल काढला, घासलेला आवाज होता तसा ठेवला, ओठ होते तसे ठेवले, आणि बायकांनी ती ओळ जितक्यांदा उचलली तितक्यांदा राहू दिली. कडवं लांबलं. लांबू दे. मैदानावरच्या पडदेवाल्याला पाठवून दिलं.

निर्माता आला तो घामाघूम, फोन कानाला लावलेला. "गेलं का?" "गेलं." "बघू." मी लावलं. तो उभ्या उभ्या मान डोलावत बघत होता. ओळ आली आणि मान थांबली. "हे काय आहे, कात्री? चुकीची फाईल गेली?" "बरोबर गेलीय." त्यानं फोन तोंडाशी धरला, "ए, थांब रे एक मिनिट, लावू नकोस," असं म्हणून माझ्याकडे वळला. "डोकं फिरलंय का तुझं? साहेब निघालेत घरून!"

"ती माझी आई आहे," मी म्हटलं. "आणि आत गेलेला तो माझा मामा."

मामा हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा कुणाबद्दल तरी वापरला. तोंडात तो नवाच लागला. निर्मात्यानं खुर्चीत बसलेल्या म्हातारीकडे आत्ता कुठं नीट बघितलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तो हुशार माणूस आहे. त्याचा आवाज लगेच मऊ झाला. तो तिच्यासमोर वाकला. "मावशी, पोरीचा काहीतरी घोटाळा झालाय. दमलीय ती. तुम्हीच सांगा, तुम्हाला कुठं भाऊ होता?" त्यानं जवळजवळ उत्तरच तिच्या हातात दिलं. फोनमधला माणूस बारीक आवाजात विचारत होता, "लावू का? माणसं ओरडायला लागलीत, लावू का?" मी आईकडे बघितलंच नाही. मला माहीत होतं ती काय म्हणणार. आम्ही दोघी बहिणीच. इतकी वर्षं तिनं हेच म्हटलं होतं आणि मी तिला दोष दिला नसता.

आईनं भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि निर्मात्याकडे खालून वर बघितलं.

"होता," ती म्हणाली. "धाकटा. आत गेला तेव्हा चांगला धडधाकट होता. तुमचा साहेबच होता त्याच्याबरोबर, त्याला विचारा."

निर्मात्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. फोनमधला माणूस विचारतच होता, लावू का.